मापारीण

दोन हजार तेवीस साल. मी बहात्तर वर्षांचा होतो, आणि तोवर मला माझंच बोलणं परत ऐकवायची कोणाची हिंमत झाली नव्हती. बायकोची नाही, आरा मशीनच्या मालकाचीही नाही. मापारीणची झाली. तुम्ही काही बोललात की ती आधी तुमचं वाक्य जसंच्या तसं म्हणायची, मग आपलं सांगायची. "काकाजी, तुम्ही म्हणाले का मी मोबाईलले हात लावणार नाही. आता माझं ऐका. हात लावू नका, नुसतं बोट लावा." माणूस आपल्याच शब्दांत अडकून बसतो. राग येतो, पण पळता येत नाही.

बाई पन्नाशीची. पुण्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची आणि आजारी आईसाठी वर्षभर नागपुरात येऊन राहिली होती. पण लकडगंजात तिला मॅडम म्हणणारा कोणी निघाला नाही. तिचा बाप आमच्या वखारीत मापारी होता, म्हणून ती मापारीण. लहानपणी बापाचा डबा घेऊन यायची आणि ओंडक्यावर बसून त्याची आरोळी ऐकायची. ते परत बोलणं तिनं तिथूनच उचललं.

ज्यांनी वखार पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ट्रकमधून ओंडका उतरला की मापारी त्याचा घेर मोजून ओरडतो. पण आमच्याकडे नुसतं माप ओरडायची रीत नव्हती. आधी मागच्याचं सांगायचं, मग पुढच्याचं. "मागचा सव्वाचार, हा पाच!" पुढचा आला की "मागचा पाच, हा पावणेचार!" ऐकणारे तिघं असायचे. व्यापाऱ्याचा मुनीम, ट्रकवाल्याचा माणूस आणि आमचा हमाल. ज्याची त्याची वही वेगळी. हमालाला लिहिता येत नसेल तर तो फळीवर गेरूनं रेघा मारायचा. मधात एखादा ओंडका कोणी चोरून घुसवला की पुढचं सगळं बोलणं अडखळायचं, आणि तिघांच्या वह्या एकमेकींशी भांडायला लागायच्या. मी आऱ्यावर एक्केचाळीस वर्षं काढली, डाव्या हाताची दोन बोटं तिथंच ठेवली, पण त्या रीतीत चोरी पचलेली पाहिली नाही. शाळेत मी दुसरीपर्यंत गेलो. पुढं शाळेला माझी गरज पडली नाही.

आता भांडण काय होतं ते सांगतो. आमचं आरा-हमाल मंडळ आहे. वखारीमागची मोकळी जागा आणि पत्र्याचा हॉल मंडळाचा. आमच्या पोरींची लग्नं त्याच हॉलमध्ये लागली. अध्यक्षसाहेब सोळा वर्षं खुर्चीवर, आणि ती जागा बिल्डरला द्यायचं त्यांचं ठरलेलं. पुन्हा निवडून आले की सही होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आणि ते निवडून येत कसे, तेही ठाऊक होतं. आरे बंद पडत गेले तसे आमचे बरेच सभासद बुटीबोरीच्या कारखान्यांत लागले. काही अंथरुणाला खिळले. ते मतदानाला येत नसत, त्यांची मतं मात्र न चुकता येत.

मागच्या निवडणुकीत मी स्वतः रांगेत उभा होतो. टेबलावरच्या माणसानं यादी पाहिली आणि म्हणाला, "काकाजी, तुमचं मत होऊन गेलं."

"कोनं केलं?"

"तुम्हीच. हे पाहा, सही आहे."

सही इतकी झोकदार होती, की तशी मला आली असती तर मी आऱ्यावर कशाला गेलो असतो? मी जित्ताजागता उभा, आणि माझं मत माझ्याशिवाय जाऊन आलेलं. लोक म्हणाले, एका मतानं काय होते? मी म्हणालो, एका बोटानं काय होते, ते मले विचारा.

हे मी मापारीणला सांगितलं. तिनं सगळं परत म्हणून दाखवलं, सहीच्या झोकासकट. मग म्हणाली, "आता माझं. बाबा वखारीत जे करत होते, तेच आता मशीन करते. त्याले ब्लॉकचेन म्हणतात. प्रत्येक मत बंद डबीत. आत काय आहे ते कोणाले दिसत नाही. पण डबीवर खूण असते, आणि पुढच्या डबीची खूण मागचीवरून बनते. मधात एक डबी घुसवली का पुढच्या साऱ्या खुणा बदलतात. अन् वही एक नाही, तीन. एक मंडळात, एक आपल्या जुन्या मुनीमजीच्या दुकानात, एक विहाराच्या वाचनालयात."

"म्हणजे मागचं सांगून पुढचं."

"म्हणजे मागचं सांगून पुढचं," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा त्यात तिनं आपलं काही जोडलं नाही.

सर्वसाधारण सभेत मी उठून ही मागणी केली. अध्यक्षसाहेब हसले आणि लगेच हो म्हणाले. त्यांचा हिशेब असा, की म्हातारे बटणाला घाबरतील आणि आपली माणसं घरोघर जाऊन बटणं दाबून देतील. वर पेपरात फोटो येईल तो वेगळाच. माणसानं आपल्या विरोधकाला अडाणी समजावं, यासारखी चांगली गोष्ट नाही.

शिकवताना मापारीणची एक सवय होती. ती दोन्ही हात पाठीमागं बांधून उभी राहायची. कोणी म्हणालं, "तूच दाबून दे ना वं बाई," तर म्हणायची, "मी दाबलं का ते माझं मत झालं." एकेका म्हाताऱ्यापुढं तासतास उभी राही, पण हात पुढं येत नसे. खुणा आधी इंग्रजी अक्षरांत होत्या. मी म्हणालो, मी या वयात एबीसीडी शिकणार नाही. तिनं माझं वाक्य परत म्हटलं, घरी गेली आणि चार दिवसांनी खुणांच्या जागी शब्द बसवून आली. मत पडलं की फोनवर सहा साधे शब्द यायचे, ते आपल्या चिठ्ठीवर उतरवून घ्यायचे. विळा, चिंच, परात, असे. पॅनलला चित्रं होती, अध्यक्षांची छत्री आणि जागा द्यायची नाही म्हणणाऱ्या आमच्या पॅनलची शिडी. फोन नावं वाचूनही दाखवायचा, त्यामुळे डोळ्यानं अधू असलेल्यांचंही काम भागत होतं.

मग रंगीत तालीम झाली, आणि आम्ही माती केली. पहिला हमाल मत देऊन बाहेर आला तो सवयीनं ओरडलाच, "विळा चिंच परात, शिडी!" दुसरा आला, "मागचा शिडी, हा छत्री!" तिसऱ्यानं दोघांचंही सांगितलं. पाच मिनिटांत सगळ्या वखारीला सगळ्यांचं मत पाठ झालं. मापारीणनं पाठीमागचे हात काढून डोक्याला लावले. "अरे बापा! खूण ओरडा, मत ओरडू नका! मत गुपचूप, मोजणी उघडी!" पुढचा आठवडा तिनं आम्हाला फक्त गप्प राहायला शिकवलं. मोबाईलपेक्षा ते अवघड गेलं.

पण ती मशीनची भाटगिरी करत नसे, म्हणून माझा तिच्यावर विश्वास बसला. एकदा मी फुशारकीनं म्हणालो, आता चोराची काय टाप आहे. ती म्हणाली, "काकाजी, मशीन चोर पकडते. भीती पकडत नाही. घरी कोणी डोक्यावर उभा राहिला तं मशीन काय करीन?" म्हणून तिनं एक सोय ठेवली होती. पाच वाजेपर्यंत मत बदलता येई, आणि शेवटचं तेच खरं धरलं जाई.

ही सोय पैलवानाच्या कामी आली. पैलवान म्हणजे माझा जोडीदार. एकेकाळी एकटा सागाचा ओंडका खांद्यावर घ्यायचा. आता अर्धं अंग गेलेलं, जीभ जड, हॉलसमोरच्या माडीवर खिडकीपाशी खाटेवर पडून असतो. त्याचा पुतण्या अध्यक्षांचा माणूस. मतदानाच्या सकाळी तो खाटेपाशी उभा राहिला आणि पैलवानानं त्याच्यासमोर निमूटपणे छत्री दाबली. पुतण्या खूश होऊन तंबाखूचा खर्रा आणायला गेला. तो पानठेल्यावरून परत येईपर्यंत पैलवानाचं दुसरं मत पडलं होतं. दुपारी मी गेलो तेव्हा त्याचं अर्धं तोंड हसत होतं. "डोमा," तो कसाबसा म्हणाला, "दोन... डाव." कुस्तीत त्याची हीच ख्याती होती. पहिला डाव दाखवायचा, दुसऱ्यानं पाडायचं.

मी साडेचार वाजता मत दिलं. घरचा चष्मा, घरचा फोन, माझं बोट. चिठ्ठी घडी करून बंडीच्या खिशात ठेवली आणि तीनदा चाचपून पाहिली.

पाच वाजता मतदान बंद झालं. शेवटची खूण तिन्ही ठिकाणांहून एकच आली, आणि मापारीणनं ती बापाच्या आवाजात हॉलमध्ये पुकारली. "कुऱ्हाड, संत्रं, पाटा, मैना, घागर, सुतळी!" मी सागाच्या फळीवर गेरूनं ते सहा शब्द लिहिले. माझी वेलांटी चुकली असेल, शब्द चुकला नाही.

सहा वाजता निकाल वाचायला अध्यक्षसाहेब उठले आणि म्हणाले, "बुटीबोरीच्या अकरा सभासदांची मतं कागदावर आली होती. चार वाजताच. मंडळाच्या ऑफिसच्या मशीनमध्ये ती घेतली आहेत. ती धरून छत्री चार मतांनी पुढं आहे."

मला वाटलं, संपलं. जागा गेली.

मापारीण उठली. आवाज चढवला नाही. "साहेब, तुम्ही म्हणाले का अकरा मतं चार वाजता आले. आता माझं. चारनंतर ज्यायनं मत दिलं, त्यायनं आपापली चिठ्ठी काढा. काकाजी, तुमचे शब्द सांगा."

मी चिठ्ठी उघडली. चष्मा नाकावर सरकवला. मी सहा शब्द वाचले. ऑफिसच्या मशीनवरच्या माणसानं शोधले आणि मान खाली घातली. "नाही सापडत."

माझं मत पुन्हा गेलं होतं. मधात अकरा डब्या घुसवल्या म्हणून पुढच्या सगळ्यांच्या खुणा बदलल्या होत्या, हे मला त्या क्षणी सुचलंच नाही. मला फक्त ती झोकदार सही दिसली.

मापारीणनं फोन स्पीकरवर टाकला. मुनीमजी आपल्या दुकानातून ओरडले, "आहे! डोमाजीचे सहाही शब्द आहेत!" विहाराच्या वाचनालयातूनही तेच. मग मागचा एक जण उठला, त्याच्यामागचा उठला. चारनंतर मत दिलेले सगळे चिठ्ठ्या उंच धरून उभे राहिले. ऑफिसच्या मशीनचे शेवटचे सहा शब्द वाचले गेले, त्यातला एकही माझ्या फळीवर नव्हता. आणि ज्या अकरांची मतं कागदावर आली म्हणे, त्यांची नावं वाचली तर त्यातला एक माझ्यामागंच खर्रा घोटत होता. तो म्हणाला, "माहं नाव घेऊन राह्यले का? मी तं दुपारीच शिफ्टवरून फोनवर टाकलं न बापा! कागद काहून देईन मी?"

हॉलचा पत्रा उडून जाईल असा हशा झाला.

अध्यक्षसाहेब म्हणाले, "मशीनची काहीतरी गडबड झाली." मी फळी घेऊन त्यांच्यापुढं उभा राहिलो. "साहेब, मागच्या खेपेले तुमचा माणूस म्हणाला का माझं मत होऊन गेलं. आता माझं ऐका. आज ते खरंच झालं." त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला आणि ते निघून गेले. अकरा गळली आणि शिडी सात मतांनी आली. हॉल आमचा, जागा आमची. त्या संध्याकाळी माझ्यासारखा दुसरी पाहिलेला माणूस अख्ख्या लकडगंजात छाती काढून फिरला.

मापारीणची आई त्याच्या महिनाभर आधी वारली होती. आता तिला नागपुरात धरून ठेवणारं काही नव्हतं, पहाटेच्या गाडीचं तिकीट काढलेलं होतं. निघताना तिनं पर्समधून बापाची मापाची फीत काढली. ती तिच्याजवळ कायम असायची. माझी फळी तिनं मोजली.

"दीड फूट जागा रिकामी आहे, काकाजी."

"कशाची?"

"पुढच्या निवडणुकीची."

"तेव्हा तू नसशीन ना वं. पुकारीन कोन?"

"तुम्ही म्हणाले का पुकारीन कोन," ती म्हणाली. मी वाट पाहत राहिलो, पण पुढं ती काही बोललीच नाही. माझ्याकडे पाहून हसली आणि रिक्षात बसली.

आता दर रविवारी तिचा फोन येतो. आधी मागच्या रविवारचं माझं शेवटचं वाक्य सांगते, मग आपलं. मीही घरी तसंच करायला लागलो आहे. सून वैतागते. वैतागू दे. भांडणं मात्र अर्ध्यावर आली.

पण ते पुढचं. निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी फळी, हातोडा आणि चार खिळे घेऊन हॉलवर गेलो. डाव्या हाताच्या तीन बोटांत खिळा धरला आणि दाराच्या चौकटीवर फळी ठोकायला घेतली. गाडी एव्हाना वर्ध्याच्या पुढं गेली असेल. अर्धा खिळा आत गेला आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी रिकाम्या वखारीकडे तोंड करून मापाऱ्यासारखा ओरडलो, "कुऱ्हाड, संत्रं, पाटा, मैना, घागर, सुतळी!"

समोरच्या माडीवरची खिडकी उघडीच होती.

"कुऱ्हाड," आतून आवाज आला. जड, ओला. "संत्रं... पाटा..."

चौथ्या शब्दाला फार वेळ लागला. मी हातोडा खाली केला. सांगितलं नाही. ज्याचं त्यानंच सांगायचं असतं.

"...मैना. घागर. सुतळी!" मग दम खाऊन पैलवान ओरडला, "आता पुढचं सांग, डोमा!"

मी हातोडा उचलला आणि खिळा एका घावात आत घातला.