शनिवारची माती

केशवराव आगटे यांची आणि माझी पहिली भेट कोर्टात झाली. ते सरकारी वकील होते आणि मी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होतो. गौरवग्रंथात अशी सुरुवात शोभत नाही, असं संपादकांनी मला सुचवून पाहिलं. पण वकीलसाहेबांची साठी साजरी करायची आणि नेमकं हेच झाकायचं, तर तपकिरीची डबी आपटून ते समारंभातून उठून जातील. त्यांचा स्वभाव ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आम्ही तिघे महाळुंग्याचे, शहरातल्या एका कॉलेजात शिकणारे आणि कॉलेजसाठी कुस्त्या खेळणारे. एका शनिवारी संध्याकाळी वसतिगृहामागच्या बोळात कुणीतरी रेक्टरांचं डोकं फोडलं. मेसच्या दुधावरून आदल्याच आठवड्यात आमचं त्यांच्याशी वाजलं होतं. त्यांनी आमची नावं घेतली. चेहरे नीट दिसले नाहीत, पण तिघांच्या अंगाला कुस्तीच्या हौदातली ओली तांबडी माती होती, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. कॉलेजने निकालाची वाट न पाहता आम्हाला काढून टाकलं. माझी परीक्षा बुडाली आणि वडिलांनी चावडीवर जाऊन बसणं सोडलं.

शनिवारी आम्ही मातीत उतरतच नाही, असं मी कोर्टात सांगितलं. आमच्या तालमीचा तो रिवाज. शनिवारी मारुतीला तेल वाहायचं आणि हौदाला पाय लावायचा नाही. कॉलेजच्या हौदातही आम्ही तो पाळत होतो. यावर केशवराव म्हणाले, "आरोपींचा मारुती फारच सोयीचा दिसतो." सगळं कोर्ट हसलं. मागच्या बाकावर माझी आई बसली होती.

दुसरे कोणी असते तर तेवढ्यावर खूश होऊन घरी गेले असते. केशवरावांना मात्र स्वतःचंच वाक्य टोचत राहिलं. पुढच्या शनिवारी कुणाला न कळवता ते एस.टी.ने चाकणला उतरले आणि धुळीतून पायी महाळुंग्याला आले. मी जामिनावर सुटून घरीच होतो, तालमीच्या पायरीवर बसलो होतो. वस्तादांनी त्यांना हौद दाखवला. माती सारखी करून ठेवलेली होती, तिच्यावर एकही पाऊल नव्हतं. एखाद्या पैलवानाला आत उतरवून दाखवा, असं केशवराव म्हणाले.

"न्हाई जमायचं, सायेब. आज शनवार हाय."

"बरं, नमुन्याला मूठभर माती तरी द्या. सरकारी काम आहे."

"उद्या सकाळी या, पोतंभर न्या. आज मूठभर बी न्हाई."

आमची आयुष्यं टांगणीला लागली होती, आणि आमचे वस्ताद सरकारी वकिलाला मूठभर माती द्यायला तयार नव्हते. मी मनातल्या मनात वस्तादांना शिव्या घातल्या. केशवरावांनी हौदाकडे एकदा नीट पाहिलं आणि ते आल्या वाटेने परत गेले. खटल्यापुरता रिवाजाचा बनाव करणारा माणूस माती देऊन मोकळा झाला असता, असं पुढे त्यांनीच मला सांगितलं.

तिथून ते थेट रेक्टरांकडे गेले. माती दिसलीच नव्हती, पैलवान म्हटल्यावर अंगाला माती असणारच असं धरून बोललो, हे रेक्टरांनी कबूल केलं. पुढच्या तारखेला केशवरावांनी खटला मागे घेतला आणि भर कोर्टात म्हणाले, "मारुतीबद्दल मी बोललो ती माझी चूक होती. त्या दिवशी जे हसले, त्यांनीही आपलं हसू माझ्याबरोबर परत घ्यावं." या वेळी कुणी हसलं नाही.

प्राचार्यांना साऱ्या विद्यार्थ्यांसमोर आमची नावं घेऊन माफी मागावी लागली. रेक्टरांची नोकरी गेली. आम्ही परत गेलो, पण त्या कॉलेजच्या नावाने पुन्हा लांग चढवून कुस्तीला उतरलो नाही. आमच्या भागातला एकही मुलगा नंतर त्यांच्यासाठी खेळला नाही. हौद बुजवून तिथे आता सायकली लावतात म्हणे.

केशवरावांना मात्र याहून जास्त सोसावं लागलं. वरिष्ठांची मर्जी गेली, सरकारी नेमणूक गेली. चिंचवडला खोली घेऊन त्यांनी वकिली मांडली, तर 'पोरं अडकवणारा वकील' म्हणून दोन वर्षं चाकणकडचा एकही पक्षकार तिकडे फिरकला नाही. "लोकांचं बरोबरच आहे," एवढंच ते म्हणत. शेवटी वस्तादच आपल्या बांधाचं भांडण घेऊन त्यांच्याकडे गेले, तेव्हा गाडं सुरू झालं.

माझं बुडालेलं वर्ष त्यांनी भरून काढलं. दर रविवारी येऊन मला इंग्रजी शिकवलं. चुकलो की इतके चिडत, की कुस्तीतला मार परवडला असं वाटे. आज पिंपरीच्या कारखान्यात मी टाइमकीपर आहे, तो त्या रविवारांमुळे.

ही शिकवणी तालमीच्या पायरीवर चाले, आमच्या घरी नाही. खटला संपल्यावर केशवराव माफी मागायला घरी आले होते. आईने त्यांना ओट्यावरच उभं ठेवलं, पाणीही विचारलं नाही. "माज्या मारुतीला हसलात तुमी," एवढं बोलून ती आत गेली. त्यानंतर मी कितीदा घरी चला म्हटलं, पण "तुमच्या आई बोलावतील तेव्हा येईन" हे त्यांचं उत्तर ठरलेलं. याला सहा वर्षं झाली.

काल हा लेख मी आईला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. सूप बाजूला सारून तिने विचारलं, "आता शेवटाला काय लिवनार?"

"शंभर वर्षं जगा, असं लिहायची रीत आहे."

"मंग लिव की. आन म्हनावं, समारंभ झाला की येत्या शनवारी जेवायला या."

वकीलसाहेब, आपणांस निरोगी शंभर वर्षं लाभोत. शनिवारी आम्ही वाट पाहतो. पाण्याचा तांब्या आईने आजच घासून ठेवला आहे.