झडतीवाले आबाजी

आबाजींनी झडती म्हटली की विरोधी पक्षाची माणसेही त्यांना साथ देत.

पोळ्याला तोरणाखाली बैल उभे राहिले की वऱ्हाडात झडत्या होतात. एकाने दोन ओळी जुळवून म्हणायच्या, शेवटी ‘एक नमन गौरा पारबती, हर बोला’ अशी हाक द्यायची आणि जमलेल्या सगळ्यांनी ‘हर हर महादेव’ म्हणायचे. गप्प राहणे हा बैलांचा अपमान. वरवट बकालच्या आबाजींनी ही रीत लोकसभेच्या प्रचारात आणली. भाजीच्या मळ्यातून उरलेला त्यांचा सगळा वेळ विदर्भवाद्यांच्या पक्षाचा होता.

“कापूस आमचा, भाव कोनाचा? मुंबईत बसल्या दलालाचा!” असे म्हणून ते हाक देत. वेगळ्या विदर्भाचे नाव काढताच चिडणारे, विरोधी पक्षातले गावचे पाटीलही सवयीने ‘हर हर महादेव’ म्हणून बसत.

“पाटील, आले ना आमच्यात!”

“अबे, देवाचं नाव घेतलं, तुह्या पक्षाचं नाही!”

महाराष्ट्र नुकताच झाला होता. ‘आज राज्य तोडता, उद्या देश तोडसान’ हा टोमणा त्यांना नेहमीचा. आबाजींचे उत्तर ठरलेले असे. “भाऊ वेगळा निंघाला म्हनून माय बदलते काय? चूल वेगळी मांगून राह्यलो, माय नाही.” चीनच्या लढाईत त्यांनी बैलांच्या पितळी घुंगरमाळा देशासाठी देऊन टाकल्या. पुढच्या पोळ्याला त्यांची जोडी मुकीच चालली. त्याच सुमारास त्यांचा एकुलता एक मुलगा वासुदेव सैन्यात गेला.

पाकिस्तानशी लढाई झाली, तीत तो मारला गेला. आबाजींच्या पत्नी गिरजाबाईंनी वाफ्यांना पाणी देणे थांबवले नाही. बोलणे मात्र जवळजवळ सोडले.

पुन्हा लोकसभेची निवडणूक आली. पाटील घरी आले. “पोरगा अखंड देशासाठी गेला, आबाजी. आता तरी इकडे या.”

“तो माह्याच घरातून गेला, पाटील. तवाही मी विदर्भवालाच होतो.”

मग त्यांच्याच पक्षाचा उमेदवार आला. त्याला पत्रकावर वासुदेवचा फोटो हवा होता. “माह्या पोराले मत मांगाले लावू नका,” आबाजी म्हणाले. उमेदवाराने तसा शब्द दिला. गिरजाबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या.

बाजाराच्या दिवशी सभा झाली. मी बातमीसाठी व्यासपीठाजवळ बसलो होतो. आबाजी वर, माईकच्या शेजारी. नांदुऱ्याहून आलेला एक कार्यकर्ता उठला.

“वासुदेवानं रक्त देलं देशासाठी, शिक्का मारा भाऊ विदर्भासाठी! एक नमन गौरा पारबती, हर बोला...”

सगळा बाजार गरजला. जन्माच्या सवयीने आबाजींचाही हात वर गेला आणि तोंडातून ‘हर हर महादेव’ निघाले. कशाला साथ दिली ते त्यांना त्यानंतर कळले. हात खाली घ्यायचे त्यांना सुचेना.

मी त्यांना घरी पोचवायला गेलो. गिरजाबाई मेथीच्या जुड्या बांधत होत्या. सभेचा भोंगा मळ्यातल्या घरापर्यंत ऐकू येत होता.

“सगळ्यायमंदी तुमचा आवाज वयखू आला,” त्या मान वर न करता म्हणाल्या.

“तोंडातून निंघून गेलं, गिरजे.”

त्यांनी पुढची जुडी घेतली.

एरवी मतदानाला दोघे बैल जुंपून दमणीत बसून जात. त्या वर्षी आबाजी एकटेच पायी गेले. “मत पक्षालेच देलं,” ते मला म्हणाले. “उमेदवार खोटा निंघाला, मागनी थोडीच खोटी होती?” उमेदवार पडला. त्यानंतर आबाजी कोणत्याही सभेला गेले नाहीत. पोळ्याला त्यांची जोडी शेजारी घेऊन जात.

काही वर्षांनी ते वारले. पक्षाचे कार्यकर्ते झेंडा घेऊन आले आणि अंगणातच थबकले. पाटील आधीच येऊन तिरडीजवळ बसले होते. गिरजाबाईंनी झेंड्याकडे बराच वेळ पाहिले.

“टाका अंगावर,” त्या म्हणाल्या. “त्यायचं होतं थे. माह्या पोराचं नाव तेवढं घेऊ नका.”

स्मशानात त्या दिवशी कुणीच भाषण केले नाही.