खाटकाने घेतलेली मुलाखत

खाटकाची मुलगी वैद्यकीय प्रवेशाची लेखी परीक्षा पास झाली, आता उरली मुलाखत. "डॉक्टर का व्हायचंय?" याला ती "सेवा करायचीय" असं म्हणायची, पण ते तिचं तिलाच पटत नव्हतं. त्यात मुलाखतीला कुणीतरी रुग्णाच्या चिडलेल्या नातेवाइकाचं सोंग घेऊन अंगावर येतो, असं तिने ऐकलेलं.

"एवढंच ना? मी होतो नातेवाईक," खाटीक म्हणाला. या माणसाला कुठलंही काम हातचं राखून जमत नसे. त्याने ठोकळ्यावर सुरा आपटला, स्टूल भिरकावून आरसा फोडला आणि मुलीची कॉलर धरून गरजला, "माझ्या माणसाला मारलंस तू!"

नेमका तेव्हाच मामा दुकानात शिरला. काही न विचारता त्याने तराजूचं वजन उचललं आणि दाजींच्या कपाळावर हाणलं. रक्ताळलेल्या खाटकाने त्याला उचलून ठोकळ्यावर आदळलं. मामाचा पंजा सुऱ्यावर पडला आणि चिरला.

"खाली बसा, दोघंही!" मुलगी कडाडली. मामाचा पंजा तिने फडक्याने करकचून बांधला आणि बापाचं कपाळ तळव्याने दाबून धरलं.

"अरे गाढवा, मुलाखत चाललीय," खाटीक कण्हला.

"मग दारावर पाटी लावायची ना, दाजी!"

"बरं, पुढचा प्रश्न. डॉक्टर का व्हायचंय?"

मुलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "आमच्या घरात एक तरी लागतोच, सर."

"हेच सांग तिकडे!" खाटीक खदाखदा हसला, तशी रक्ताची धार पुन्हा लागली.

"हसू नका, बाबा," म्हणत तिने आणखी जोरात दाबलं.