साडूंचं अठ्ठावीस इंची चाक

अठ्ठावीस इंची चाकावर बसणारे आणि माणूस म्हणून वाया गेलेले, असे जगाचे दोनच भाग करणारा गृहस्थ माझ्याच सासऱ्यांचा थोरला जावई निघावा, हा माझ्यावर सरळसरळ अन्याय आहे. आमचे हे साडू मूळचे कराडकडचे, बोईसरच्या एका कारखान्यात फिटर. आख्ख्या नोकरीत शिफ्टच्या बसला त्यांनी पाय लावलेला नाही. पुतणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी शिक्षण, पगार काही न विचारता सायकलचं चाक विचारलं, आणि तो बिचारा 'सव्वीस' म्हणाला तेव्हा पोह्यांची बशी तशीच ठेवून हे उठले.

माझी उंची पाच फूट एक इंच. रविवारी पालघरहून निघावं, बोईसरला साडूंना गाठावं आणि दोघांनी तिथून जवळच्या दांडी गावच्या समुद्रापर्यंत सायकली हाणाव्यात, एवढीच माझी इच्छा. साडूंना घेऊन सायकल घ्यायला गेलो, तर सायकलवाल्याने मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काका, सव्वीस घ्या. अठ्ठावीसवर तुमचे पाय नाय टेकायचे."

"पाव्हणं," साडू मध्येच म्हणाले, "डांबरी रस्त्याला मोठं चाकच पायजे. एका पायडलात लांब जातंय. आन् सायकल चालवायला घेताय का पाय टेकायला?"

पाय माझे, निवड त्यांची. मला सायकल चालवता येई, थांबवता येत नसे. उमरोळीला भर रस्त्यात, मासळीच्या पाट्या घेऊन निघालेल्या बायकांसमोर मी आडवा झालो, तर हे म्हणतात, "यात चाकाचा काय दोष?" शेवटी मी त्यांना न सांगता सव्वीस इंची आणली आणि त्यांना सुनवायचं भाषण पाठ करून ठेवलं.

एका रविवारी ते रिक्षाने आले. रिक्षाने! "गुडघा गेला, पाव्हणं. टांग वर जाईना." माझी नवी सायकल त्यांनी बराच वेळ पाहिली, मग गुपचूप बसून बघितलं. दोन्ही तळवे जमिनीला लागले.

"टेकत्यात की," ते हळूच म्हणाले. भाषण बाजूला ठेवून मी सायकलची किल्ली त्यांच्या हातात दिली. मला फार वाईट वाटलं.

आता माझ्या सव्वीसवर ते असतात आणि त्या अठ्ठावीसवर पुन्हा मीच. अन्याय चालूच आहे. फक्त थांबायची वेळ आली की ते पुढे जातात, एखादा दगड किंवा मोरीचा कठडा हेरून त्याच्याशेजारी उभे राहतात आणि हात वर करतात.

"हितं टेका, पाव्हणं."