सुतकातला ढोल

सिंगापुरात क्वीन्सटाउनच्या ब्लॉकमध्ये आमच्या बरोबर वरच्या फ्लॅटमध्ये नोगामी राहायचा. जपानी, एकटा. जहाजदुरुस्तीच्या यार्डात तोही इंजिनियर, मीही, म्हणून ओळख.

नोव्हेंबर लागला की वरून पाय आपटल्याचे आवाज यायचे. एकदा माझी बायको उल्का फारच वैतागली, तेव्हा मी वर गेलो. नोगामी अनवाणी, घामाघूम, हातात घुंगरांची काठी.

"सॉरी, प्रताप-सान. आमच्या देवाचा नाच आहे."

डोंगरातल्या त्याच्या गावी डिसेंबरात देवासमोर रात्रभर नाच चालत. कागुरा म्हणतात त्याला. त्यातला उजाडतानाचा, राक्षसाचा मुखवटा घालून करायचा नाच नोगामींच्या घराण्याचा. बापानं मुलाला शिकवायचा, दुसऱ्या कुणाला नाही. वडिलांचे गुडघे गेल्यापासून हाच रजा काढून जायचा.

पंचाण्णवच्या ऑक्टोबरात वडील वारले. अंत्यविधी करून तो परतला आणि वर सगळं चिडीचूप.

"यंदा सराव नाही?" मी विचारलं.

"घरात मृत्यू झालाय. वर्षभर देवासमोर उभं राहायचं नाही. मुखवट्याला हातसुद्धा लावायचा नाही."

म्हणजे सुतकच. "आमच्याकडे दहा दिवसांत फिटतं हो. पुजाऱ्यांना विचारून तरी बघा."

"विचारलं. फोनवर रडले बिचारे. पण नाहीच म्हणाले."

"मग दुसरं कुणी?"

"कोण? गावातली पोरं सगळी ओसाकाला. आणि शिकवायलाही मला बंदीच."

उत्सवाच्या सकाळी त्यानं मला वर बोलावून घेतलं. गावात ज्या घरी नाच होता, त्यांनी फोन उचलून बाजूला ठेवला होता. इकडे स्पीकरमधून ढोल घुमत होता.

"हा माझा नाच," नोगामी म्हणाला. "मध्ये कुणीच नाही. ढोलवाले आजोबा मोकळ्या जागेसमोर वाजवताहेत."

त्यानं दोन्ही हातांनी गुडघे घट्ट दाबून धरले होते.

"नाचा ना. इथं सिंगापुरात कोण बघतंय?"

"सुतक इथंही आहे, प्रताप-सान."

ढोल थांबला. पलीकडून कुणी काही बोललं. नोगामी नुसता "हाय, हाय" करत राहिला. त्यांच्यात हाय म्हणजे हो. मला ते ऐकवेना.

पुढच्या वर्षी तो गेला, नाचून आला.

"कसा झाला?"

"एका गिरकीला अडलो. डावीकडून की उजवीकडून? वडील ढोलाशेजारी बसून हनुवटीनं खुणवायचे."

"मग?"

"घेतली डावीकडून. लोक छान म्हणाले. पण बरोबर होती का, ते सांगणारं कुणी उरलं नाही. आता दरवर्षी डावीकडूनच घ्यायची. दुसरं काय करू?"