उलटी पळणारी राखीव

अन्याय माझ्या ताईवर झाला. २००३ च्या डिसेंबरात, शनिवारी सकाळी साडेसातला, कोल्हापुरातल्या आमच्या शाळेच्या मैदानावर. सरांनी मुलींच्या अमेरिकन फुटबॉल संघाची यादी वाचली. अकरा नावं झाली. मग "राखीव" म्हणाले आणि आम्हा दोघी बहिणींची नावं घेतली.

मला राखीव ठेवलं ते बरोबरच होतं. तो लांबट बॉल माझ्या हातातनं साबणासारखा सुटायचा. पण ताई? अख्ख्या शाळेत तिच्याइतकं कुणी पळत नव्हतं. बॉल काखेत दाबायचा आणि समोरच्या पोरींची भिंत फोडून पलीकडं जायचं, हे जिचं काम, तिला रनिंग बॅक म्हणतात. ती जागा सरांनी एका संचालकाच्या पुतणीला दिली.

ताईनं विचारलं, "सर, मी का न्हाय? तिच्यापेक्षा जोरात पळतो की मी." आमच्याकडं पोरीही 'पळतो', 'येतो'च म्हणतात.

सर हसले. "राखीव तर तुमच्या लोकांना आवडतंयच की!"

पोरीही हसल्या. आम्ही बौद्ध वस्तीतल्या, हे सगळ्यांना ठाऊक होतं. विनोद कळायला कुणाला वेळ लागला नाही. मला तो अजून पचलेला नाही.

आता सरांची अक्कल सांगते. नियमांची चार झेरॉक्स पानं त्यांच्याकडं होती, इंग्रजीतली. त्यावरून त्यांनी ठोकून दिलं होतं, "रनिंग बॅक म्हंजे उलटं पळणारा." कुणी शंका काढली नाही. पुतणी दोन दिवस उलटी पळाली आणि कंटाळली. ताईनं मात्र ते मनावर घेतलं. राखीव ठेवल्यावर तर जास्तच. दर रविवारी मला सायकलवर डबलसीट घेऊन ती जोतिबाच्या पायथ्याला जायची आणि डोंगराकडं पाठ करून चढ चढायची. मी तिच्यासमोर चालत ओरडायचे, "डावीकडं दगड!"

तिथला एक नारळवाला दर वेळी टोकायचा, "पोरी, देव वर हाय, तू बघतीस कुठं?"

"मागनं कोण येतंय ते बघतो, मामा!"

सामना शाहूवाडीच्या पोरींशी होता. भाताच्या चिखलात पाय घट्ट झालेल्या पोरी. कडेला उभी राहिलेली फुटबॉलवेडी माणसं आधीच वैतागली होती. "हातात घिऊन पळत्यात, आन् म्हणं फुटबॉल!" बरोबरी होती. चार मिनिटं उरली असताना पुतणीचा पाय मुरगळला. सरांनी बाकाकडं बघितलं. बाकावर आम्ही दोघीच. माझ्याकडं बघून त्यांनी मान फिरवली आणि ताईला हात केला.

तिनं बॉल घेतला, दोघींना चकवलं, जी ओलांडली की गुण मिळतात त्या शेवटच्या रेषेपासून पाच पावलांवर आली. तिथं दोन पोरींनी तिच्या कमरेला मिठी घातली. पुढं जाता येईना. मग ताईनं गर्रकन पाठ फिरवली आणि जोतिबाचा चढ चढायला लागली! टाच रोवायची, रेटायचं. टाच रोवायची, रेटायचं. दोघी तिला लोंबकळत फरफटत आल्या. मी बाकावर उभी राहून भान विसरून ओरडले, "डावीकडं दगड!" पाचव्या पावलाला ती रेषेपलीकडं पाठीवर पडली, बॉल छातीशी. सामना आमचा झाला, आणि मघाशी वैतागलेली माणसं शिट्ट्या मारत होती.

त्यानंतर पाच वर्षं ती जागा तिच्याकडून कुणाला काढून घेता आली नाही. ती राज्याकडून खेळली, शेवटच्या वर्षी कप्तान झाली. परराज्यातल्या एका कोचनं तिला सांगितलं, रनिंग बॅक मागं उभा राहतो आणि पुढं पळतो. ताई पोट धरून हसली. "आता काय उपयोग? मला दोन्हीकडं पळता येतंय."

कप्तान झाल्यावर शाळेनं सत्कार ठेवला. सर उशिरा आले. ताई व्यासपीठावरून उतरली, पहिल्या रांगेतली खुर्ची पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "या सर, बसा. ही तुमच्यासाठी राखीव ठेवलीया."

त्या दिवशी हसायची पाळी आमची होती.

तुमच्या शाळेतही यादी लागते. वरची नावं सगळेच वाचतात. तुम्ही खालची दोन वाचा. त्या पोरी कुठल्या वस्तीतल्या आहेत ते बघा, आणि त्या खाली का, हे यादी करणाऱ्याला सगळ्यांसमोर विचारा. उत्तर मिळेपर्यंत मैदान सोडू नका.