देवाच्या अंतराचा चष्मा

गेल्या कौलाला देवाच्या उजव्या खांद्यावरून पाल उतरली आणि शिवा गुरवाने खणखणीत आवाजात देवाने उजवा कौल दिल्याचं सांगितलं. कौलासाठी लावलेल्या पाकळ्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, दोन्ही खांद्यांवर जिथल्या तिथे चिकटलेल्या. पाल सगळ्या गावाने पाहिली, शिवा सोडून. मानकऱ्यांनी तिथेच ठरवलं, पुन्हा असं झालं तर कौल त्याचा चुलतभाऊ महादू लावील.

शिवाची अडचण चमत्कारिक होती. डोंगरावरचा माड त्याला दिसे. वाचायचा चष्मा लावला की पंचांगही दिसे. पण देव ना माडाइतका लांब, ना पंचांगाइतका जवळ. नेमका त्याच अंतरावर जग धुक्यात जाई. रोज ज्याला आंघोळ घालतो तोच दिसत नाही, याची शिवाला लाजेपेक्षा भीतीच जास्त वाटे. गुरवकी गेली तर सकाळी उठायचं कशाला?

कसालच्या चष्म्याच्या दुकानात नम्रता नावाच्या मुलीने त्याला नवी काच करून दिली. मधे रेघ नाही. वरून लांबचं दिसणार, खालून जवळचं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून देवाच्या अंतराचं. कडांना मात्र धूसर राहणार.

"काका, डोळे नका फिरवू, नाक फिरवा," ती म्हणाली. "आणि स्पष्ट दिसेपर्यंत हनुवटी हळूहळू वर-खाली करा."

सवय व्हायला थोडे दिवस लागतील, असंही ती म्हणाली. कौल दुसऱ्याच दिवशी होता.

हौसाबाईला विचारायचं होतं, जुने काजू तोडून नवी कलमं लावू काय? शिवाने ओल्या पाकळ्या चिकटवल्या, गाऱ्हाणं घातलं आणि देवाकडे पाहिलं. देव विरघळला. हनुवटी उचलली तर खांदे वर आले. आणखी उचलली तर पुन्हा बुडाले. उजवी पाकळी सापडली की डावी पुसली जाई. मग नाक उजवीकडे, नाक डावीकडे, हनुवटी वर, हनुवटी खाली. घामाने चष्मा घसरू लागला तशी मान जोरात घुमू लागली.

देवळातली माणसं उठून उभी राहिली. मग कुणीतरी ढोलावर टिपरी मारली. गुरवाला अवसार आला होता, अंगात देव संचारला होता. हौसाबाई त्याच्या पायाशी आडवी पडून काजूंचं विचारू लागली.

शिवा नुसता गप्प राहिला असता तरी गुरवकी जन्मभर पक्की होती. पण त्याच क्षणी पट्टीत उजवा खांदा आला. पाकळीची भिजलेली कड, तिच्याखाली लोंबणारा पाण्याचा थेंब. पाकळी सुटली. इतक्या वर्षांत देव त्याला असा दिसला नव्हता. त्याच्यासमोर खोटं बोलवेना.

"उजवी पडली," तो म्हणाला. "आणि माझ्या अंगात देव नाय गो हौसाबाय. डोळ्यार चष्मो आसा."

कुणी मानेना. चष्म्याने कधी मान घुमते काय, असं कुत्सितपणे विचारत महादूने तो ओढून घेतला आणि स्वतः चढवला. त्याने देवाकडे पाहिलं, मग पायांकडे. जमीन वर आली, भिंत तिरकी झाली. त्याची मान दोनदा गरगरली आणि खांबाला मिठी मारून तो खाली बसला.

मानकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतल्या सगळ्यांत म्हाताऱ्याने चष्मा दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावला आणि शिवाला परत दिला.

"महादूक ह्यो देव झेपाचो नाय," तो म्हणाला. "तूच सांभाळ रे."

शिवा पुन्हा समजावू लागला, वरून लांबचं दिसतं, खालून जवळचं, मधून... सगळं देऊळ हात जोडून ऐकत होतं.